पॅकेट रेडिओवरील बीबीएस वापरताना या चुका टाळा

पॅकेट रेडिओ म्हणजे हौशी रेडिओवरून मजकूर लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, पाठवण्याची पद्धत, आणि बीबीएस म्हणजे त्यावरून जोडून पत्रे ठेवता-वाचता येणारा संगणकी सूचनाफलक. नवख्या हौशी रेडिओ ऑपरेटरला त्याच्या आज्ञा पाठ करणे फारसे जड जात नाही. एल म्हणजे यादी, आर म्हणजे वाचन, के म्हणजे खोडणे आणि बी म्हणजे निरोप घेणे, एवढे एका संध्याकाळीही लक्षात राहते. गोंधळ होतो तो आपले टंकन नेमके कोणाकडे जात आहे याचे भान सुटल्यामुळे, कारण टीएनसी (संगणक आणि रेडिओ संच यांच्यामधले यंत्र), नोड (जोडणी पुढे नेणारे मधले केंद्र) आणि बीबीएस हे तिघे एकाच पडद्यावर उत्तरे देतात आणि एकाच अक्षराचा अर्थ प्रत्येक जण आपल्या परीने लावतो. नोडवर एन दिले की माहितीतल्या नोडांची यादी येते, तर बीबीएसवर तेच अक्षर आपले नाव नोंदवण्यासाठी असते. टीएनसी-2 प्रकारच्या यंत्रात के दिल्यास संभाषण सुरू होते आणि बीबीएसवर त्यानेच संदेश खोडला जातो! म्हणून प्रत्येक ओळीआधी प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारे पडद्यावरचे चिन्ह, वाचावा. संभाषण चालू असताना जोडणी तोडण्याची टीएनसीची आज्ञा डी टाइप केल्यास जोडणी तुटत नाही, ते अक्षर पलीकडे पाठवले जाते. आधी कंट्रोल-सी दाबून टीएनसीच्या आज्ञा-स्थितीत परतावे लागते.

भुसावळला एका मित्राच्या घरी लिनबीपीक्यू हा नोड आणि बीबीएस चालवणारा प्रोग्राम चालवून आम्ही सराव सुरू केला, तेव्हा माझे पहिले पत्र मी संपवलेच नव्हते. मजकूर झाल्यावर निरोपासाठी तीनदा बी टाइप केले आणि उत्तराची वाट पाहत बसलो; ते तिन्ही बी पत्रातच जमा झाले होते. मजकूर संपल्यावर नव्या ओळीच्या आरंभी स्लॅश-ई-एक्स लिहावे किंवा कंट्रोल-झेड द्यावे, तोवर बीबीएस कोणतीही आज्ञा ऐकत नाही.

एसपीने खासगी पत्र जाते आणि एसबीने सार्वजनिक सूचना. मात्र खासगी म्हणजे गुप्त नव्हे, कारण त्याच वारंवारितेवर ऐकणाऱ्या कोणालाही ते वाचता येते.

संथ वेगाचा विसर पडणे ही आणखी एक चूक. 1200 बॉडवर, म्हणजे सेकंदाला 1200 बिट या वेगाने, 80 अक्षरांच्या 300 ओळींची यादी यायला, पोचपावत्यांचा वेळ न धरताही, 160 सेकंद लागतात, म्हणून नुसत्या एलऐवजी एलएल 20 देऊन शेवटचे वीस संदेश मागवावेत. उत्तर लांबले म्हणून तीच आज्ञा पुन्हा पाठवू नये. हरवलेले पॅकेट टीएनसी स्वतःच पुन्हा पाठवतो.

जोडणीच होत नसेल, तर प्रथम टीएनसीला एमहर्ड (ऐकू आलेल्या केंद्रांची यादी मागणारी आज्ञा) देऊन समोरचे केंद्र ऐकू येते का ते पाहावे. दोन मीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी बहुतांशी दृष्टिरेषेत जातात, त्यामुळे तापीकाठच्या सपाटीवर जमलेली जोडणी यावलच्या पुढे सातपुड्याच्या घळीत शिरताच सुटू शकते. केंद्र ऐकू येत असूनही उत्तर नसेल, तर टीएक्सडिले (प्रक्षेपण सुरू झाल्यावर मजकूर पाठवण्याआधी थांबण्याचा वेळ) 30 वरून 40 किंवा 50 करून पाहावा. हा आकडा 10 मिलिसेकंदांच्या एककात असतो, आणि जुना एफएम संच प्रक्षेपणासाठी सावकाश तयार होत असेल तर पॅकेटचे तोंडच कापले जाते.