जुन्या ट्रॅक्टरच्या भागांचा गंज आणि रंग विजेने असा काढा

जुना ड्रॉबार किंवा लिफ्टचा आर्म ग्राइंडरने घासला की वरून चकचकीत होतो. आट्यांमधला आणि भोकांतला गंज मात्र तिथेच राहतो, आणि गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं. ओतीव भागावरचा नंबर तर दोन फेऱ्यांत पुसट होतो. एचएमटी झेटर २५११ सारख्या जुन्या गाड्यांचे भाग भंगार बाजारात याच नंबरावर शोधावे लागतात, त्यामुळे तो जपलेला बरा. सोड्याच्या पाण्यातून डीसी करंट सोडून गंज सोडवायचा, या पद्धतीला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. तिला वेळ लागतो, पण मूळ लोखंडाला धक्का लागत नाही.

काय बुडवायचं नाही ते आधी ठरवा. ॲल्युमिनियमला सोड्याचं पाणी खातं, म्हणून पिस्टन आणि फ्युएल पंपाची बॉडी बाजूला ठेवा. पितळ आणि जस्ताचे भागही नकोत. बेअरिंग, ऑइल सील, रबर सगळं उतरवून घ्या. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट यात हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतात. स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे बोल्ट सरळ नवे घ्या, तिथे काटकसर नको.

सामान थोडंच लागतं: प्लास्टिकचा ड्रम, धुण्याचा सोडा, काही साध्या लोखंडी सळया किंवा जाड पत्रा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जर साधा, ट्रान्सफॉर्मरचा आणि अँपिअरचा काटा असलेला हवा. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर करंटच सोडत नाहीत. सळयांच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका. त्यातला क्रोमियम विरघळून विषारी रूपात पाण्यात उतरतो. गॅल्व्हनाइज्ड पत्राही नको.

पहिलं काम धुण्याचं. तेल-ग्रीसच्या थरातून करंट जात नाही, म्हणून भाग डिझेलने धुवा आणि मग साबणाच्या पाण्याने डिझेलही काढून टाका. एका जागी रंग-गंज खरवडून उघडं लोखंड दिसू द्या. क्लिप तिथेच बसेल. रंगाचे जाड पापुद्रे असतील तर चार-दोन ठिकाणी ओरखडे ओढा, म्हणजे पाणी रंगाच्या खाली शिरेल.

दर १० लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम सोडा विरघळवा. जास्त टाकून फायदा नाही, उलट करंट वाढून चार्जर तापतो. मीठ तर अजिबात नको, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता भाग तारेने ड्रममध्ये टांगा आणि सळया भोवतीने उभ्या करा. अंतर साधारण १०-१५ सेंटिमीटर ठेवा. सळई भागाला टेकली तर शॉर्ट होईल. गंज प्रामुख्याने सळईसमोरच्या बाजूचा सुटतो, म्हणून सळया सगळ्या अंगांनी असाव्यात आणि मध्येच भाग फिरवावा. सळया एकमेकींना तारेने जोडून त्यांना चार्जरचा पॉझिटिव्ह द्या, भागाला निगेटिव्ह. हे उलटं झालं तर तुमचा भागच विरघळू लागेल, त्यामुळे स्विच दाबण्याआधी पुन्हा बघा. पॉझिटिव्हची क्लिप पाण्याच्या वर राहू द्या, पाण्यात गेली की तीच खाल्ली जाईल.

स्विच चालू केल्यावर भागावर बुडबुडे येतील. काटा चार्जरच्या क्षमतेच्या आत ठेवा. वर जात असेल तर सळया दूर सरकवा. हे बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, म्हणून काम उघड्यावर, बिडी-काडीपासून लांब. ड्रममध्ये हात घालायचा असेल तर आधी चार्जर बंद, आणि हातमोजे घालून.

साधा गंज रात्रभरात सुटतो, जुनाट थराला दोन-तीन दिवसही लागतात. शेतातल्या फीडरवर वीज मध्येच गेली तरी चिंता नको, सोड्याच्या पाण्यात लोखंड लगेच गंजत नाही. सळया मात्र झिजतात आणि त्यांच्यावर तपकिरी गाळ चढतो. करंट मंदावला की त्या ब्रशने घासा.

बाहेर काढल्यावर भाग काळा दिसेल. तारेच्या ब्रशने ती काळी पूड झटकते, रंगाच्या साली निघतात. टू-पॅक रंग (हार्डनर मिसळून मारायचा) मात्र हट्टी असतो, त्याला वेगळं पेंट रिमूव्हर लागतं. ब्रश मारताना मास्क लावा आणि साली ओल्याच गोळा करा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, जुन्या ट्रॅक्टरवरचा रंग त्याच्याही आधीचा आहे, म्हणजे त्यात विषारी शिसं असू शकतं. ड्रममधलं पाणी फडक्याने गाळून गाळ आणि साली वेगळ्या पिशवीत ठेवा, विहिरीकडे किंवा पिकात काही सोडू नका.

शेवटची घाई मात्र खरी आहे. धुतलेल्या लोखंडावर बघता बघता पिवळसर गंज चढतो. गरम पाण्याने धुवा, हवेच्या पाइपने भोकं-आटे कोरडे करा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. मशिनिंग केलेल्या बसण्याच्या जागांना प्रायमर नको, तिथे तेलाचा हात पुरे.