जुन्या डिझेल व्हॅनचा ईजीआर व्हॉल्व्ह: तपासणी आणि साफसफाई

घोडबंदर रस्त्यावर गायमुखपासून माजिवड्यापर्यंत सकाळच्या रांगेत सरकणाऱ्या व्हॅनचे इंजिन बहुतेक वेळ कमी फेऱ्यांवर आणि कमी भारावर चालते, आणि ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडतो तो नेमका अशाच वेळी. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात जाणाऱ्या हवेत मिसळणे हे त्याचे काम आहे. त्यामुळे ज्वलनकक्षातील ऑक्सिजनचे प्रमाण घटते, ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. मात्र या धुराबरोबर काजळीही येते. क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कोठीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी ऑइलची वाफ तिच्यात मिसळली की व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि बैठकीवर थर चढू लागतो. भारत स्टेज ३ या प्रदूषण-मानकाच्या काळात डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात ३५० भागांपर्यंत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर ते १० भागांवर आले आहे. म्हणून डिझेलला दोष देऊन मोकळे होण्याऐवजी ही काजळी आपल्या इंजिनात कशामुळे वाढली हे आधी पाहावे. कारण न शोधता व्हॉल्व्ह नुसता धुतला, तर तो काही महिन्यांत पुन्हा अडकतो.

व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला असेल, तर गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप मार खातो, चढावर काळा धूर निघतो आणि कधी कधी सिग्नलला इंजिन बंद पडते. तो बंद अवस्थेत अडकला, तर चालकाला फारसे काही जाणवत नाही. ज्या गाड्यांत स्कॅनर जोडण्याची सोय आहे, त्यांत धुराचा प्रवाह अपुरा असल्यास पी०४०१ आणि जास्त असल्यास पी०४०२ हा कोड दिसतो. तरीही नुसत्या कोडवरून नवा व्हॉल्व्ह विकत घेऊ नये, कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी किंवा गंजलेला कनेक्टरही असाच कोड दाखवू शकतो.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी बाहेरची तपासणी पूर्ण करावी. जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह बहुधा व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन टोकाशी चिरतात, त्यामुळे प्रत्येक नळी टोकाजवळ वाकवून पाहावी. हातपंप मिळाला तर इंजिन आयडलिंगवर ठेवून थेट व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमला (व्हॉल्व्ह ओढणाऱ्या लवचिक पडद्याला) व्हॅक्यूम द्यावा: इंजिनाचा आवाज बदलला किंवा ते अडखळले, तर व्हॉल्व्ह उघडतो आहे असे समजावे, पंपाचा काटा टिकून न राहता खाली घसरला, तर डायफ्रॅम फाटलेला आहे. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाबतीत कनेक्टर काढून पिना नीट पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर त्यांवर हिरवट गंज चढलेला असणे नेहमीचेच आहे. त्याच वेळी एअर फिल्टरही तपासावा, कारण तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडते आणि काजळी वाढते.

अनेक गॅरेजांत याच टप्प्यावर पत्रा बसवून ईजीआर कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला मी मानत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. त्यामुळे ईजीआर बंद केलेली गाडीही प्रमाणपत्र मिळवते, उलट तिचा धूर कमीच दिसतो. पण न दिसणारा तो वायू शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात जातो, आणि धुरावरील नियंत्रणाच्या साधनात असा फेरफार करणे नियमबाह्यही आहे.

साफसफाईसाठी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. काम मोकळ्या हवेत करावे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये क्लीनरची वाफ कोंडते आणि एक ठिणगीही पुरेशी ठरते. व्हॉल्व्हला कूलंटच्या नळ्या जोडलेल्या असतील तर खाली भांडे ठेवावे. जुने बोल्ट गंजलेले असतात, म्हणून त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच मारून ठेवावे आणि जोर लावून ते तोडू नयेत.

व्हॉल्व्ह हातात आल्यावर लगेच धुऊ नये. आधी आतला थर निरखून पाहावा. कोरडी, बोटाला भुकटीसारखी लागणारी काजळी असेल तर बहुधा ज्वलनात खोट आहे: इंजेक्टर नीट फवारत नसतील किंवा हवा कमी पडत असेल. थर ओला आणि डांबरासारखा चिकट असेल, तर ब्रीदरमधून किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइल येत असावे. पांढरट डाग किंवा ओलसरपणा दिसला आणि कूलंटची पातळीही विनाकारण उतरत असेल, तर ईजीआर कूलर, म्हणजे हा धूर कूलंटने थंड करणारा भाग, गळत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा गाडीचा कूलर दाबाखाली तपासून घेतल्याशिवाय ती पुढे चालवू नये.

यानंतर कार्ब्युरेटर क्लीनर मारून थर थोडा वेळ भिजू द्यावा आणि नायलॉनच्या ब्रशने घासावा. बैठकीच्या कडेवर स्क्रूड्रायव्हर किंवा पोलादी ब्रश चालवू नये, कारण तिथे पडलेला ओरखडा व्हॉल्व्हला पुन्हा कधीच घट्ट बसू देत नाही. मोटर, सेन्सर आणि डायफ्रॅमचा भाग क्लीनरमध्ये बुडवू नये. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडावरचा थर काढताना सुटलेले तुकडे आत पडू देऊ नयेत. तोंडाखाली कापड धरून खरवडावे आणि नंतर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावे. इंजिन चालू ठेवून हवेच्या नळीत क्लीनर फवारण्याची पद्धत डिझेल इंजिनासाठी धोकादायक आहे: आत गेलेले ज्वलनशील द्रव इंधनासारखे जळते, इंजिनाच्या फेऱ्या बेसुमार वाढू शकतात आणि मग ते चावी फिरवूनही बंद होत नाही.

साफ झाल्यावर बंद व्हॉल्व्हच्या बैठकीवर थोडे केरोसीन ओतावे. ते झिरपले, तर बैठक खराब आहे आणि व्हॉल्व्ह बदलण्यावाचून पर्याय नाही. बसवताना गॅसकेट नवीच वापरावी आणि बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे घट्ट करावेत. काही विद्युत व्हॉल्व्हना बंद अवस्थेची नोंद स्कॅनरने पुन्हा करून द्यावी लागते. हे राहिले तर साफ केलेला व्हॉल्व्हही चुकीच्या ठिकाणी थांबतो. शेवटी ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोकळ्या वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये भार देऊन चालवून पाहावी, कूलंट काढले असल्यास पातळी पुन्हा तपासावी आणि आठवड्याभराने गॅसकेटच्या कडेला काजळीची काळी रेघ उमटली आहे का ते टॉर्च लावून बघावे. रेघ दिसली, तर धूर तिथून बाहेर पडतो आहे आणि सांधा पुन्हा उघडून बसवावा लागेल.