पोटाचा डायलिसिस घरी करताय? या चुका टाळा

पोटाचा डायलिसिस म्हणजे मूत्रपिंड काम करत नसलं की पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं आणि रक्तातली घाण त्यात उतरली की ते बाहेर काढायचं. मिरजेत मुलांच्या या डायलिसिसचं प्रशिक्षण देताना मी आधी बघते ते हात. तासगावकडच्या एका आईने इतके छान हात धुतले की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगटं, काही सोडलं नाही. आणि मग सवयीने हात पदराला पुसले! दिवसभर त्याच पदराने लेकराचं नाक पुसलेलं असतं. हात कागदी टिश्यूने कोरडे करा आणि नळही त्याच टिश्यूने बंद करा. अंगठी, घड्याळ काढायचंच. चुडा काढायला मन धजत नसेल तर तो कोपराकडे सरकवून पट्टीने बांधा, पण मनगट साबणाने चोळलं गेलं पाहिजे.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र घरी जायच्या आधीच होते. एकटी आई शिकते. पुढे तिलाच ताप येतो, मग वडील किंवा आत्या मोबाईलवर व्हिडिओ बघून पिशवी जोडतात. घरातली निदान दोन माणसं शिकायलाच हवीत. शिकणं म्हणजे ऐकणं नव्हे. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे मान डोलावतात, म्हणून मी ‘करून दाखवा’ म्हणते. दार-खिडकी लावा, पंखा बंद करा, आई आणि बाळ दोघांच्या तोंडाला मास्क. नळी जोडल्यावर नव्या पिशवीतलं थोडं पाणी आधी रिकाम्या पिशवीत सोडा, मगच पोटात. जोडताना शिरलेले जंतू त्यात वाहून जातात. माझ्या अनुभवात पहिल्या महिन्यात सगळे घाबरून नीट करतात. हात सरावला की मास्क हनुवटीवर येतो. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पोकळीत जंतुसंसर्ग, होऊन गेला, मूल बरेच दिवस दवाखान्यात राहिलं किंवा सांभाळणारं माणूस बदललं, तर प्रशिक्षण पुन्हा घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

मुलं लाथा मारतात, वळतात. नळीचं उघडं टोक चादरीला लागलं तर स्पिरिटने पुसून पुढे चालू करू नका. क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) लावा, पोटात काही सोडू नका, सिस्टरला फोन करा. ट्रान्सफर सेट, म्हणजे पोटातल्या नळीला जोडलेला बाहेरचा तुकडा, बदलावा लागतो, कधी खबरदारी म्हणून अँटिबायोटिकही. बायका हे सांगत नाहीत, कारण कधीतरी कुणीतरी त्यांच्यावर ओरडलेलं असतं. हा दोष त्यांचा नाही, ओरडणाऱ्याचा आहे. पालकांनो, रात्री दोन वाजता फोन आला तरी चालेल, लपवू मात्र नका.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आम्हाला तिचा अभिमान आहे, पण तिची जागा पातेल्यात. नळी पोटातून बाहेर येते त्या जागेवर हळद, अंगारा, पावडर काही नको. डॉक्टरांनी सांगितलं तेच मलम लावा आणि नळी ओढली जाऊ नये म्हणून पोटावर पट्टीने नीट चिकटवा. लाली, पू किंवा दुखणं दिसलं की त्याच दिवशी कळवा.

पिशवी गरम पाण्यात बुडवून कोमट करू नका, तोंडाशी पाणी राहतं आणि त्यातून जंतू जातात. कोरड्या हीटिंग पॅडवर ठेवा. नदीकाठच्या घरांनी पिशव्यांची खोकी माळ्यावर ठेवावीत, २०१९ चा पूर आपण बघितलाय. मुलाला बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. पोट साफ नसलं की पाणी नीट उतरत नाही, आणि आतड्यातले जंतू पोटाच्या पोकळीत जाण्याचा धोकाही वाढतो.

शेवटचं, पण सर्वांत निकडीचं. उतरलेल्या पाण्याची पिशवी रोज छापील पेपरवर ठेवा आणि तिच्यातून अक्षरं वाचा. वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ आहे. ताप नसला, पोट दुखत नसलं तरी संसर्ग असू शकतो. गावातल्या डॉक्टरकडून आधी गोळ्या घेऊ नका, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडत नाहीत. सोमवारची वाट बघू नका. गढूळ पिशवी मोरीत ओतू नका. तोंड बंद करून, मुलाला घेऊन, तीच पिशवी आमच्याकडे आणा. तपासणी त्याच पाण्याची करायची असते.