छोट्या चित्रपटाचा आवाज चित्रीकरणाच्या जागीच कसा सांभाळावा

स्वतंत्रपणे चित्रपट करणारे अनेक दिग्दर्शक कॅमेरा आणि लेन्स निवडण्यात आठवडेच्या आठवडे घालवतात आणि आवाजाचा प्रश्न ‘डबिंगला पाहून घेऊ’ म्हणून पुढे ढकलतात. पैसा कमी असेल तर हा क्रम उलटा असायला हवा. दृश्य थोडे अंधारलेले किंवा दाणेदार असले तरी प्रेक्षक ते चित्रपटाची शैली म्हणून स्वीकारतो. संवाद मात्र कान देऊनही कळेना, की त्याचे कथेवरचे लक्ष उडते. शिवाय डबिंग म्हणजे स्टुडिओचे भाडे, नटांच्या पुन्हा मिळवाव्या लागणाऱ्या तारखा, ओठांशी जुळवणी, आणि एवढे करूनही प्रसंगात सहज आलेला श्वास परत मिळेल याची खात्री नाही.

म्हणून जागा पाहायला जाताना ती ऐकायलाही जावे, आणि तेही चित्रीकरण ज्या वेळी होणार आहे त्याच वेळी. सकाळी शांत असलेल्या घराशेजारी दुपारी शाळा सुटत असेल, तर ते आधी कळलेले बरे. रिकाम्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. आवाज घुमत राहिला, तर चौकटीबाहेरच्या भागात जाड चादरी, रजया, गालिचे लावावे लागतील. पंखा, वातानुकूलन आणि फ्रिज टेकपुरते, म्हणजे कॅमेरा चालू असेपर्यंत, बंद ठेवावेत. फ्रिज पुन्हा सुरू करायला सगळेच विसरतात, त्यामुळे परतीच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवण्याची जुनी युक्ती हास्यास्पद वाटली तरी उपयोगी पडते.

खरा मुद्दा माइक तोंडापासून किती अंतरावर आहे हा आहे. अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, पण खोलीतला घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे संवाद मागे पडतो आणि खोली पुढे येते. त्यामुळे कॅमेऱ्यावर बसवलेल्या महागड्या माइकपेक्षा चौकटीच्या अगदी काठावर, वरून तोंडाच्या दिशेने धरलेला साधा माइक चांगले काम देतो. बूम, म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी, ‘जो मोकळा असेल त्याने’ धरण्याची पद्धत टाळावी. ते काम करणाऱ्याला संवाद पाठ असावे लागतात, कारण कोणाच्या वाक्याला माइक कोणाकडे वळवायचा हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. लांब नळीचा शॉटगन माइक उघड्यावर उत्तम, पण लहान खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या फटींतून आत शिरतो आणि संवादाचा पोत बिघडतो. तेथे हायपरकार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा आखूड माइक, अधिक भरवशाचा. लेपल माइक, म्हणजे कपड्यावर लावायचा छोटा माइक, हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावावा, कपड्याची सळसळ येत नाही ना हे नटाला हालचाल करायला लावून तपासावे, आणि शक्य असेल तेव्हा त्याचा व बूमचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावा.

ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर करावे. स्वयंचलित गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, बंद ठेवून संवादाची पातळी साधारण उणे 18 ते उणे 12 डेसिबलच्या दरम्यान (मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा) राखावी, म्हणजे अचानक आलेल्या किंकाळीला जागा उरते. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाजही न बिघडवता टिपणाऱ्या 32 बिट फ्लोट रेकॉर्डरमुळे पातळीची चिंता बरीच कमी होते, पण दूर ठेवलेला माइक त्याने जवळ येत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असलात तरी कॅमेऱ्यावरचा आवाज सुरूच ठेवावा आणि प्रत्येक टेकला क्लॅप द्यावा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर पाटी वाजवावी; दृश्य आणि आवाज त्यावरून जुळवता येतात. संकलकाचे कितीतरी तास वाचतात. हेडफोन लावून पूर्ण टेक ऐकणारा एक माणूस हवाच, आणि ‘विमान गेले, पुन्हा घेऊ’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला दिग्दर्शकाने सर्वांसमक्ष दिलेला असावा. हा अधिकार नसेल, तर तो माणूस असून नसल्यासारखाच.

प्रसंग संपला की दिवे आवरण्याआधी सर्वांना जागच्या जागी थांबवून त्याच माइकवर 30 ते 60 सेकंद त्या खोलीची शांतता, म्हणजे रूम टोन, मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला हीच उपयोगी पडते. तिच्या जागी पूर्ण निःशब्दता टाकली तर कानाला खड्डा पडल्यासारखे जाणवते. बिघडलेली वाक्ये नटांकडून तेथेच, कॅमेऱ्याशिवाय, त्याच लयीत पुन्हा म्हणवून घ्यावीत. क्लोजअपमध्ये दोन नटांची वाक्ये एकमेकांवर चढू देऊ नयेत. ती गुंतागुंत संकलनात हवी तशी रचता येते, पण एकाच ट्रॅकवर एकत्र आलेले आवाज नंतर सोडवणे फार कठीण जाते.

पुढे संकलनात संवाद, ध्वनिपरिणाम आणि संगीत शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवावेत. खराब संवाद संगीताने झाकता येतो हा समज फार लाडका आहे, परंतु संगीत वाढवले की आधीच पुसट असलेला शब्द आणखी बुडतो. संवाद वगळून ध्वनिपरिणाम आणि संगीत यांचे स्वतंत्र मिश्रणही करून ठेवावे, कारण चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करू इच्छिणारा वितरक सर्वप्रथम तेच मागतो.