फाउंडर दादा, पोस्टर आणि पाचवी जागा

सीएसमध्ये (काउंटर-स्ट्राइक, पाच विरुद्ध पाच बंदुकांचा ऑनलाइन गेम) बऱ्यापैकी रँक आली, एम म्हणजे नेम बसला, सोलो क्यूमध्ये, म्हणजे एकट्याने खेळताना, रोज नवीन चार जणांच्या शिव्या खायचा कंटाळा आला, की माणूस क्लॅन, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारा ग्रुप, शोधतो. आणि क्लॅनमध्ये घेतलं की आठवड्याभरात प्रत्येक नवा पोरगा विचारतो, "फाउंडर कोण आहेत? त्यांच्याशी बोलता येईल का?" मीही विचारलं होतं. विचारण्यात काही गैर नाही, पण ओळख झाल्यावर पुढे कसं वागायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. स्क्रिम म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी सरावाची मॅच, डिस्कॉर्ड म्हणजे क्लॅनचं लिहायचं-बोलायचं अ‍ॅप, एवढंच सांगतो; तिथे रोल कसा मिळतो वगैरे इथे सांगणार नाही. ते तुम्हाला माहीत असेलच.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की फाउंडर टीम ठरवतो. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकावर ज्या काकांचं नाव संस्थापक म्हणून छापलेलं आहे, त्यांना यंदाचं डेकोरेशन कसलं हे आरतीला आल्यावर कळतं. जुन्या क्लॅनमध्येही तेच. फाउंडरच्या हातात चाव्या असतात. डिस्कॉर्ड सर्व्हर त्याच्या नावावर, स्टीम ग्रुप त्याचा, इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे, स्पर्धेची नोंदणी त्याच्या मेलवरून, आणि चुकून बक्षीस लागलंच तर पॅन नंबर त्याचा. पण मॅपवर (खेळाच्या मैदानावर) कोणते पाच उतरणार हे आयजीएल, म्हणजे खेळताना कॉल देणारा कॅप्टन, ठरवतो. हा फरक ज्याला पहिल्या महिन्यात कळला तो सुटला.

आमचे फाउंडर, म्हणजे दादा, डोंबिवलीचे, चाळिशीला टेकलेले, ऐरोलीला आयटीत. रात्री मुलगी झोपली की अकरा-साडेअकराला ऑनलाइन येतात. येतात म्हणजे खेळायला नाही. फोनवरून डिस्कॉर्ड उघडतात, चॅनेल वरून खालपर्यंत वाचतात, चार-पाच अंगठे देतात, मूड असला तर व्हॉइसला (बोलायच्या चॅनेलवर) येऊन बसतात. शनिवारी एखादी मॅच खेळतात, तीही डस्ट टू या जुन्या मॅपवरच. हे सगळं बारकाईने सांगतोय कारण पुढचा घोळ यातूनच होतो.

बोलायचं कसं? "दादा तुम्ही लेजंड आहात" असला मस्का मारू नका. ही पिढी त्याने बुजते, आणि मग "हो हो, थँक्स" म्हणून गप्प बसते. बारीक, खेळातलं काहीतरी विचारा. मी एकदा व्हॉइसला सहज म्हटलं, "दादा, १.६ ला एके अडीच हजाराला होती ना?" १.६ म्हणजे सीएसची जुनी आवृत्ती, एके म्हणजे गेममधली रायफल, आणि पैसेही गेममधलेच. आता ती सत्तावीसशेला मिळते. झालं. त्यानंतर तासभर मी फक्त "हं, हं" म्हणत होतो. ऑप, म्हणजे स्नायपर रायफल, तेव्हाही पावणेपाच हजाराची, आत्ताही पावणेपाच हजाराची, म्हणून दादांचा ऑपवर फार जीव. २००३ च्या सप्टेंबरात १.६ आली तेव्हाचा स्टेशनजवळचा सायबर कॅफे, त्यात एका मशीनवर लावलेला लॅन सर्व्हर, हरेल त्या टीमने दोन्ही टीमच्या तासाचे पैसे भरायचे, आणि मालक रात्री शटर अर्धं खाली ओढून "शेवटची मॅच रे पोरांनो" म्हणायचा ते, सगळं निघालं.

हेडफोनवरून एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. कॉल ओरडून द्यायचे. ते मागच्या रांगेतल्या विरोधी टीमलाही ऐकू जायचे आणि तेही डोंबिवलीचेच, त्यामुळे भाषा बदलून उपयोग नाही. मग या लोकांनी मॅपवरच्या जागांना स्टेशनांची नावं दिली. बी साइट म्हणजे बदलापूर, लाँग म्हणजे कर्जत, मिड म्हणजे ठाणे. "दोन बदलापूरला, एक ठाण्याला उभा आहे" हा कॉल आमच्या क्लॅनमध्ये आजही चालतो. डिस्कॉर्ड आहे, विरोधी टीमला काही ऐकू जात नाही, गरज शून्य, तरी चालतो. नवा पोरगा पहिल्या स्क्रिमला येडा होतो. तुमच्या क्लॅनमध्येही असलं काहीतरी असणारच. ते आधी शिकून घ्या. फाउंडरशी ओळख वाढवायला यापेक्षा बरा रस्ता मला सापडलेला नाही.

दुसरा हमखास विषय म्हणजे मुंबईत झालेल्या मोठ्या स्पर्धा. २०१८ च्या डिसेंबरात गोरेगावला नेस्कोमध्ये ड्रीमहॅक हा गेमिंगचा मेळावा झाला, २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन. ते डोटा टू या दुसऱ्याच गेमचं, तीन लाख डॉलर बक्षिसाचं. आमचे दादा जन्मात डोटा खेळले नाहीत, तरी रजा टाकून गेले होते. का गेलात विचारलं तर म्हणाले, "अरे, आपल्या मुंबईत स्टेजवर कोणीतरी माउस घेऊन बसलंय आणि लोक तिकीट काढून बघतायत. जायला नको?"

आता मुख्य गोष्ट. ही जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

मला पोस्टर करता येतात. फार भारी नाही, पण बरे होतात. क्लॅनमध्ये आल्यावर एका स्क्रिमच्या निकालाचं पोस्टर करून मी चॅनेलवर टाकलं. रात्री साडेअकराला दादांचा मेसेज: "वा! हे दर वेळी करशील का?" ती पडत्या फळाची आज्ञा समजून मी कामाला लागलो. पोस्टरनंतर क्लिप कापणं आलं. मग स्क्रिमसाठी समोरच्या क्लॅनच्या मॅनेजरला मेसेज करणं, मग कोण कधी मोकळा आहे त्याची शीट. दोन महिन्यांत मला अ‍ॅडमिनचा रंग मिळाला, नाव लाल झालं. दादा व्हॉइसला आले की आधी माझं नाव घ्यायचे. घरी आईला सांगितलं, माझं तिथे चांगलं चाललंय.

मग आमचा एक एंट्री फ्रॅगर (सगळ्यात आधी आत घुसणारा खेळाडू) शिकायला पुण्याला गेला आणि पाचवी जागा रिकामी झाली. मी दोन रात्री डेमो (मॅचचं रेकॉर्डिंग) बघून एंट्रीचीच तयारी केली होती. दादा व्हॉइसला आले आणि म्हणाले, "बरं झालं तू आहेस. रविवारी ट्रायल घेऊ. पोरांना मेसेज टाक, सर्व्हर लाव आणि स्कोअरची शीट तयार ठेव." मी "हो दादा" म्हटलं. सर्व्हर लावला. सात पोरांना वेळ दिली. शीटवर सात नावं टाइप केली, त्यात माझं नव्हतं. आणि खरं सांगतो, ते माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात आलं नाही.

याला लबाडी म्हणू नका. कामापुरता मामा असंही नाही, दादांना माझ्याबद्दल मनापासून वाटत होतं. गोची वेगळीच आहे. माणूस रात्री अकरानंतर फोनवर चॅनेल वाचतो. चॅनेलवर काय दिसतं? पोस्टर, शीट, वेळापत्रक. तुमचा क्लच (शेवटी एकट्याने जिंकलेला राउंड), तुम्ही बरोबर वेळी टाकलेली स्मोक (धुराचा बॉम्ब), इकोमध्ये (पैसे वाचवायच्या राउंडला) वाचवलेली रायफल, हे चॅनेलवर दिसत नाही. ते स्क्रिममध्ये दिसतं, आणि स्क्रिम चालू असते तेव्हा दादा ठाण्याहून कल्याण फास्टला लटकलेले असतात. म्हणजे त्यांना तुम्ही जितके जास्त दिसता, तितके खेळाडू म्हणून कमी दिसता. तुम्ही खेळता हेच ते विसरतात. आयजीएलही तेच धरून चालतो, कारण शीट भरायला रोज तुम्हीच त्याच्या मागे लागता. एकदा "मॅनेजमेंट" शिक्का बसला की तो निघता निघत नाही.

बाहेर पडायला मी तीन-चार गोष्टी केल्या. दादांकडे रडगाणं नेलं नाही, आधी आयजीएलकडे गेलो. "मला घ्या" म्हटलं नाही. एका मॅचचा डेमो पाठवला आणि विचारलं, "सातव्या राउंडला मी बदलापूरला एकटाच का घुसलो ते बघून सांगशील?" डेमो बघायला कोणी नाही म्हणत नाही, कारण दुसऱ्याच्या चुका काढायला प्रत्येकाला आवडतं. मग स्क्रिम असेल त्या दिवशी पोस्टर नाही हे ठरवून टाकलं आणि चॅनेलवर लिहूनही टाकलं. पहिल्या दिवशी पोस्टर आलं नाही तेव्हा दोघांनी विचारलं, नंतर कोणी नाही. पोस्टरशिवाय क्लॅन मोडत नाही. आणि शेवटी दादांना व्हॉइसवर, सगळ्यांसमोर नाही, नीट सांगितलं की मला खेळायचं आहे. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अरे, मग आधी बोलायचंस ना! मला वाटलं तुला हेच आवडतं."

इतकंच होतं ते. आत्ता मी सहावा आहे, म्हणजे बदली. स्क्रिममध्ये आठवड्यातून एकदा तरी उतरायला मिळतं.

तुम्ही आत्ता याच फेऱ्यात अडकला असाल तर घाबरू नका, सुटता येतं. फार काम केलंत म्हणून कोणी तुमच्यावर रागावलेलं नसतं, उलट सगळे खूश असतात. पण काम टाकून तडकाफडकी पळू नका. दुसऱ्या कोणाला शिकवा, त्याच्या हातात द्या, मग बाजूला व्हा. आणि अजून अडकला नसाल तर पहिल्या महिन्यात चॅनेलवर खेळाबद्दलच बोला. पोस्टर येतात हे कोणाला कळू देऊ नका. कडक वाटेल, पण मी हेच सांगेन. मॅनेजमेंटच करायची हौस असेल तर प्रश्नच मिटला, चांगल्या मॅनेजरला क्लॅन डोक्यावर घेतं. पण हौस असावी, चुकून होऊ नये.

बाकीचं पटापट सांगतो.

फाउंडरच्या भोवती दोन-तीन जुने असतात, चहापेक्षा किटली गरम. "दादा आत्ता बिझी आहेत, मला सांग." त्यांच्याशी भांडू नका, पण त्यांच्या मार्फत निरोपही पाठवू नका. निरोप पोचतो तेव्हा तो तुमचा राहिलेला नसतो.

पैसे घेऊन कोचिंग देणारे डीएममध्ये येतील. माझं मत विचाराल तर ज्याने स्वतःच्या बायोमध्ये "मेंटॉर" लिहिलंय त्याच्याकडून काही शिकायला मिळत नाही. खरा शिकवणारा वैतागलेला असतो, तुमचा डेमो बघताना उसासे टाकतो. आयडी दुसऱ्याला देऊन रँक वाढवून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ट्रायलच्या पहिल्या पाच राउंडमध्ये उघडं पडतं.

फाउंडरचा फोटो आणि नाव लावून कोणी "तुझी नाइफ दोन दिवस दे, व्हिडिओ करायचाय" म्हणालं, म्हणजे गेममधली महागडी सुरी मागितली, तर तो फाउंडर नव्हेच. लगेच व्हॉइसला या म्हणा. येत नाही.

आणि ते जुन्या कॅफेतलं "हरेल तो पैसे भरेल" ऐकायला मजा वाटते, पण आता क्लॅनमध्ये कोणी "प्रत्येकी पाचशे लावूया" म्हणालं तर बाजूला व्हा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला. त्यात ई-स्पोर्ट्स वेगळं धरलंय आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. स्पर्धेची प्रवेश फी निराळी, आपसात पैज लावणं निराळं. घरच्यांना हा फरक आधीच समजावून ठेवा. माझ्या बाबांना अजूनही वाटतं मी रमी खेळतो. बक्षिसाचे वाटे मात्र स्पर्धेच्या आधी चॅनेलवर लिहून घ्या, फाउंडर कितीही देवमाणूस असला तरी. पैसे त्याच्या खात्यात येतात, कर त्याच्या पॅनवर कापला जातो, आणि नंतर कोणालाच हिशोब लागत नाही.

प्रत्यक्ष भेट ठरली की वेळेवर जा. हे लोक दिवसभर लोकल धरणारे आहेत, "निघालोय" म्हणून घरी बसणाऱ्याला ते ओळखून असतात. पहिल्या भेटीत ऑनलाइन नावाने हाक मारू नका, वडापावच्या गाडीवर मोठ्याने "ओ हेडशॉटकिंग" ऐकल्यावर आमच्या दादांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बिल ते भरतील, भरू द्या, पुढच्या वेळी तुम्ही भरा.

नोकरीचं मात्र पहिले सहा महिने तोंडातून काढू नका. फाउंडर आयटीत आहे म्हटल्यावर अर्धा क्लॅन त्याला रेझ्युमे पाठवतो. तुम्हालाही पाठवावासा वाटेल, आणि हरकत नाही, आमच्यातल्या एकाचं झालंही काम. पण क्लॅनच्या चॅनेलवर नको, व्हॉइसवर नको. त्यांचा मेल आयडी मागून घ्या, विषयाच्या ओळीत स्वतःचं खरं नाव आणि कोणत्या जागेसाठी ते लिहा, आणि उत्तर आलं नाही तर दोन आठवडे आठवण करू नका.