‘एल. ए. नॉयर’ खेळताना या चुका टाळा

१९४७ चे लॉस एंजेलिस, महायुद्धावरून परतलेला पोलीस अधिकारी कोल फेल्प्स आणि एकामागून एक समोर येणारी गुन्ह्यांची प्रकरणे, हा ‘एल. ए. नॉयर’चा ऐवज आहे. मे २०११ मध्ये आलेल्या या गेमकडे बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील जी मुले गोळीबाराच्या गेममधून वळतात, त्यांची नेहमीची तक्रार असते की चौकशीत उत्तर हमखास चुकते. गेम संथ आहे हे खरे. पण त्या संथपणाशी जुळवून न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक सबटायटल्समुळे होते. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि शाळेत पुस्तकी इंग्रजी अशा वातावरणात वाढलेल्यांना त्या काळची अमेरिकन बोली नुसत्या कानाने कळणे अवघड असल्याने सबटायटल्स सुरू ठेवणे योग्यच आहे. मात्र त्यामुळे नजर पडद्याच्या तळाशी खिळते आणि संशयिताचा चेहरा पाहायचा राहून जातो. हे चेहरे खऱ्या कलाकारांचा अभिनय ३२ कॅमेऱ्यांनी टिपून घडवलेले आहेत आणि चौकशीचा सारा भार त्यांच्यावरच आहे. उत्तर देऊन झाल्यावर संशयित तुमच्या निर्णयाची वाट पाहत बसून राहतो. त्याला वेळेची मर्यादा नसते. म्हणून आधी ओळ पूर्ण वाचावी आणि मग कोणतेही बटण न दाबता त्याची नजर कोठे वळते, तो आवंढा गिळतो का, ओठ आवळतो का, हे स्वस्थपणे पाहावे. भाजीबाजारात समोरच्याचे सगळे कन्नड शब्द कळले नाहीत तरी त्याच्या तोंडावरून आपण भाव ताडतोच. तीच सवय येथे उपयोगी पडते.

संशय आला की थेट खोटेपणाचा आरोप करणे, ही दुसरी चूक. संशयिताच्या उत्तरावर निवडण्यासाठी मूळ आवृत्तीत ‘ट्रुथ’ (खरे), ‘डाउट’ (शंका) आणि ‘लाय’ (खोटे) असे पर्याय होते. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत त्यांची नावे ‘गुड कॉप’, ‘बॅड कॉप’ आणि ‘अक्यूज’ अशी झाली. यातील शेवटचा पर्याय पुरावा हाती असेल तरच निवडायचा असतो. आरोप केल्यावर संशयित जे उलटून बोलतो, त्यातच कोणता पुरावा लागेल याची खूण बहुधा सापडते. पुरावे नोंदलेल्या फेल्प्सच्या वहीत तसे काही नसेल तर आरोप मागे घेऊन दुसरा पर्याय निवडता येतो आणि ही सोय जरूर वापरावी. एखादे उत्तर चुकले म्हणून प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचे कारण नाही, कारण तपास बहुधा दुसऱ्या वाटेने पुढे जातो.

घटनास्थळी पुरावा सापडत नसेल, तर बहुधा आवाजाची अडचण असते. पुराव्याजवळ पियानोचा सूर वाजतो, कंट्रोलर थरथरतो आणि तेथील सर्व पुरावे मिळाले की तपासाचे संगीत थांबते. कीबोर्डवर खेळणाऱ्याला थरथर जाणवणार नाही, त्यामुळे पंख्याच्या घरघरीत हेडफोन लावणेच बरे. उचललेली वस्तू लगेच खाली ठेवू नये. ती हळूहळू सर्व बाजूंनी फिरवून पाहावी. तरीही अडल्यास ‘इंट्यूशन पॉइंट’, म्हणजे मदत मिळवून देणारा गुण, खर्च करावा. ते जास्तीत जास्त ५ साठतात, तेव्हा कंजुषी करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे जपण्याची आणखी एक गोष्ट म्हणजे सेव्ह. गेम ठरावीक टप्प्यांवर आपोआपच सेव्ह होतो आणि मध्येच हाताने सेव्ह करण्याची सोय नाही. पावसाळ्यात खानापूरकडे लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएस नसेल तर लांबलचक चौकशी आभाळ भरून आलेले असताना सुरू करू नये.

गाडी चालवताना मात्र हात आवरावा. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने धावतात आणि आपल्या सवयीने डावी बाजू धरली की धडक ठरलेली. त्या नुकसानीमुळे प्रकरण संपल्यावर कामगिरीबद्दल मिळणारे तारे कमी होतात. गाडीत बसण्याचे बटण दाबून धरल्यास सहकारी गाडी चालवतो, नवख्याने तोच मार्ग धरावा.