सेट थंड असताना ट्रिमरला हात लावू नका

मागल्या डिसेंबरात हौशी रेडिओच्या चाळीस मीटर (सात मेगाहर्ट्झ) पट्ट्यावर सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरलेल्या वेळच्या गप्पांत, एका ओएमनी (रेडिओवाल्या गृहस्थांना आम्ही असं म्हणतो) टोकलं, "ताई, तुम्ही शंभरेक हर्ट्झ खाली आहात, आवाज चिरका येतोय." मला लागलं. त्याच रात्री लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत शाल गुंडाळून बसले, सेट चालू केला, झाकण काढलं आणि ट्रिमर (फ्रिक्वेन्सी जुळवायचा आतला छोटा स्क्रू) फिरवून दहा मिनिटांत डायल बरोबर करून टाकला. एप्रिल उजाडला तर तेच गृहस्थ म्हणतात, "ताई, आता तुम्ही वर आहात."

चूक माझीच होती. सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तापमानाप्रमाणे सरकतो. इंदूरच्या थंडीत गार पडलेल्या सेटवर, तेही झाकण उघडं ठेवून केलेलं माप उन्हाळ्यात टिकणार कसं? म्हणून आता माझा नियम असा: झाकण लावून सेट अर्धा-पाऊण तास नुसता ऐकत ठेवायचा. टेबलफॅन त्याच्या अंगावर सोडायचा नाही. पंख्याची मान सेटकडे वळली की संगणकाच्या धबधब्यावरची (वॉटरफॉल, सिग्नलचा सरकता आलेख) रेघ हळूच वाकते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता माप कशाशी ताडायचं? मला विचारतात, मालवा हाउसचं, म्हणजे इंदूरचं, आकाशवाणी ६४८ किलोहर्ट्झवर घरात दणदणीत लागतं, तेच का नको? कारण मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांना आंतरराष्ट्रीय नियमानं १० हर्ट्झ इकडेतिकडे व्हायची मुभा असते. ६४८ किलोहर्ट्झवर १० हर्ट्झ म्हणजे साधारण १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग), म्हणजे माझ्या सेटची सगळी चूकच त्यात मावली. शिवाय इतक्या खाली मापताना तुमची १ हर्ट्झची गफलत वीस मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) जाऊन २२ हर्ट्झ होते. संदर्भ जितका वरचा, तितकं बरं.

आपल्याकडे चीनच्या शान्शी प्रांतातलं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर उपयोगी पडतं. सेकंदासेकंदाला टिकटिक येते. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम ४९९६, ९९९६ आणि १४९९६ किलोहर्ट्झवर असतं आणि दर अर्ध्या तासाची पहिली ८ मिनिटं नुसता कॅरियर (टिकटिक नसलेली सलग मूळ लहर) सोडतं. तेवढ्यात माप घेणं सोपं जातं. आपलं घड्याळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, त्यामुळे अर्ध्या तासांचं गणित आपोआप जुळतं. फक्त पहाटे आणि दिवेलागणीला मापू नका. तेव्हा आयनांबर (लघुलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर) वरखाली होत असतं आणि आलेला सिग्नलच हर्ट्झभर सरकलेला असू शकतो.

डायल १०.००० मेगाहर्ट्झवर ठेवून शून्य ठोका (शिट्टी उतरत उतरत नाहीशी होणं) ऐकायचा प्रयत्न करू नका. शंभर-दोनशे हर्ट्झच्या खालचं काही सेटचा फिल्टर ऐकूच देत नाही, आणि आपण तिथे गप्प बसलेल्या डायललाच बरोबर समजतो. त्याऐवजी यूएसबीवर (अपर साइडबँड, संगणकाची तार नव्हे) डायल ९.९९९ करा. सेट अचूक असेल तर कॅरियर बरोबर १००० हर्ट्झची शिट्टी होऊन येईल. ती संगणकावर धबधब्यात पाहा, कानाच्या भरवशावर सोडू नका. साउंड कार्डाच्या घड्याळात ५० पीपीएमची चूक असली, तरी १००० हर्ट्झवर ती ०.०५ हर्ट्झच होते, तिची काळजी सोडा.

माझ्या सेटवर शिट्टी आली ८६० हर्ट्झ. म्हणजे सेट डायलवर दाखवतो त्यापेक्षा १४० हर्ट्झ वर, १० मेगाहर्ट्झवर १४ पीपीएम. चाळीस मीटरवर तेच शंभर हर्ट्झ. त्या ओएमचा कान सच्चा निघाला. दोन मीटरवर हीच चूक दोन किलोहर्ट्झच्या घरात जाते.

पण इथे लगेच झाकण उघडू नका. ५ आणि १५ मेगाहर्ट्झवरही मापा. मला ७० आणि २१० मिळाले. चूक अशी प्रमाणात वाढत असेल तर दोष मूळ ऑसिलेटरचा, ज्यावरून सेटच्या फ्रिक्वेन्सी निघतात त्याचा. एका मित्राच्या जुन्या सेटवर मात्र तिन्हीकडे ८० च येत होते. ही ठरावीक चूक म्हणजे बीएफओचा (सिग्नलचा ऐकू येणारा आवाज करणारा वेगळा ऑसिलेटर) क्रिस्टल हललेला. त्यानं मूळ ट्रिमर फिरवला असता तर एक बँड सुधारून बाकीचे बिघडले असते. अशा सेटवर एलएसबीलाही (लोअर साइडबँड) वेगळं माप घ्यावं लागतं, कारण बहुधा तिचा क्रिस्टल वेगळा असतो.

नव्या सेटमध्ये हे काम मेनूतून होतं. आयकॉम ७३०० मध्ये फंक्शनच्या सेटिंगात रेफरन्स ॲडजस्ट असतं. हैदराबादच्या अशर फरहान यांनी काढलेल्या मायक्रोबिटेक्स या सेटमध्ये तिन्ही ऑसिलेटर एसआय ५३५१ चिपमधून, एकाच २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून निघतात. तिथे आधी कॅलिब्रेशन, मग बीएफओ. बीएफओ चुकला तर आवाजाचा पोत बिघडतो, डायल नाही. सेटला हात लावायचा नसेल तर डब्ल्यूएसजेटी-एक्स या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये हीच प्रमाणातली आणि ठरावीक चूक वेगवेगळी भरायची सोय आहे. एफटी८ (त्या प्रोग्रॅममधला डिजिटल संदेशांचा प्रकार) पुरतं तेवढ्यावर भागतं.

माझ्यासारखा ट्रिमरवाला सेट असेल तर लोखंडी पेचकस लांब ठेवा. तो टेकवला की शिट्टी एकीकडे पळते, उचलला की दुसरीकडे. मी विणकामाची प्लास्टिकची सुई कानशीवर घासून टोक चपटं केलंय. केसाएवढी फिरवायची, सुई उचलायची, मग वाचायचं. १००५ च्या आसपास आली की थांबायचं. झाकण लावून वीस मिनिटांनी परत बघायचं, कारण ते लावलं की आतली हवा तापते आणि आकडा सरकतोच. झाकणानं किती सरकतं हे एकदा कळलं, की तेवढं सोडून लावायचं. माझ्याकडे ६ हर्ट्झ.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, खोलीचं तापमान आणि १० मेगाहर्ट्झवरचा आकडा लिहिलाय. मे महिन्याच्या ओळीत ४१ अंश आणि +१९ आहे. तो मी तसाच ठेवलाय, नोव्हेंबरात परत मापीन.